सनद आणि तिची मुदत

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा विषयांची वानवा नव्हती. या निवासी शाळेत आमची तीस वर्षांहून अधिक सेवा झाली आहे. पहिल्या पत्र्याच्या खोल्या, विहिरीवरून पाणी भरणारी मुले, विहाराच्या पायाभरणीचा दिवस, दहावीचा पहिला निकाल यांवर इतर सहकारी लिहितीलच. आम्ही मात्र एका कागदाविषयी लिहिणार आहोत. तो कागद आपल्या एका माजी विद्यार्थिनीचा आहे. स्पीच थेरपिस्ट, म्हणजे वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून काम करण्याचा हा परवाना अमेरिकेतील एका राज्याने तिला दिला आहे. असे चार राज्यांचे चार परवाने तिच्यापाशी आहेत. ते कसे मिळतात आणि कसे टिकवावे लागतात, हे तिने गेल्या हिवाळ्यात शाळेच्या कार्यालयात बसून आम्हांला समजावून सांगितले. त्याच बैठकीत तिने आमची एक विनंती नाकारली. त्या नकाराने आम्हांला आमच्याच एका जुन्या चुकीपुढे नेऊन उभे केले. ती चूक नोंदवल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

तिचे नाव येथे देत नाही. तशी तिची इच्छा आहे. ज्यांना ओळख पटेल त्यांनी ती मनात ठेवावी.

१९९५ साली ती आपल्याकडे पाचवीत दाखल झाली. तिचा थोरला भाऊ तेव्हा सातवीत होता. मुलगा गणितात वर्गात पहिला; पण बोलताना अडखळे. 'म' आणि 'प' ही अक्षरे आली की त्याचे ओठ मिटत ते लवकर उघडत नसत. परिपाठात त्याच्यावर कधी पाळी येत नसे, कारण आम्हीच ती येऊ देत नसू. ३१ जानेवारीला शाळेत वक्तृत्व स्पर्धा होई. १९२० साली त्या दिवशी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. त्याचे महत्त्व आम्ही इतिहासाचे शिक्षक म्हणून दरवर्षी मुलांना सांगत असू, आणि तो मुलगा स्पर्धकांसाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवत असे. यात काही विपरीत आहे, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर बाजाराच्या गावी एक 'डॉक्टर' येऊ लागला. तोतरेपणावर हमखास इलाज, असा फलक त्याने लावला होता. जिभेखालचा पातळ पडदा कापला की जीभ मोकळी होते, असे त्याचे म्हणणे. मुलाचे वडील शेतमजूर. त्यांनी आम्हांला विचारले, "सर, तुमी शिकले-सवरले मानूस. न्यावं का पोराले?" आम्ही हो म्हटले. इतकेच नव्हे, तर दोनशे रुपये कमी पडत होते, तेही आम्हीच दिले. त्या माणसाचे शिक्षण काय, त्याला हा अधिकार कोणी दिला, त्याची नोंद कोठे आहे, यांपैकी एकही प्रश्न आमच्या मनात आला नाही. जखम चिघळली. तापाने फणफणलेल्या मुलाला जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात अकरा दिवस ठेवावे लागले. जीव वाचला. अडखळणे होते तसेच राहिले. पुढे तर तो बोलेनासाच झाला, आणि आठवीत असताना त्याने शाळा सोडली. फलक लावणारा माणूस त्या बाजारात पुन्हा दिसला नाही.

भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ साली झाला होता. वाचादोषांवर उपचार करणाऱ्या व्यावसायिकाची नोंद परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असलीच पाहिजे, नोंदणीवाचून व्यवसाय करणारा शिक्षेस पात्र आहे, असे त्या कायद्याचे तेरावे कलम सांगते. म्हणजे आमच्या खिशातले दोनशे रुपये त्या माणसाच्या हाती पडले तेव्हा कायदा होऊन तीन वर्षे लोटली होती. एम. ए. च्या वर्गात आम्ही १८५८ चा राणीचा जाहीरनामा ओळीने अभ्यासला होता. परंतु आपल्या मुलाच्या तोंडात कात्री घालणाऱ्याला कोणता कागद विचारावा, हे आम्हांला ठाऊक नव्हते.

बहिणीने मात्र तो प्रश्न कधी सोडला नाही. बारावीनंतर तिने वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत प्रवेश घेतला. श्रवण आणि वाचा यांविषयीची ही संस्था १९८३ पासून मुंबईत आहे. आम्ही तिचे नाव प्रथम या मुलीच्या तोंडून ऐकले. भाऊ तोवर नागपुरात गवंड्याच्या हाताखाली काम करू लागला होता. महिन्याच्या महिन्याला तो पैसे पाठवी. पदवी झाली, परिषदेत नोंदणी झाली. मग तीन-चार वर्षे ती एसटीने तालुक्यातालुक्यांत फिरून शिबिरांत मुले तपासत असे. पुढे बँकेचे कर्ज, आपल्या माजी विद्यार्थ्यांनी जमवलेली वर्गणी आणि भावाने विकलेली गावातली जागा, एवढ्या बळावर ती पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेला गेली.

गेल्या हिवाळ्यात ती आली तेव्हा तिच्या पिशवीत एक जाड फाइल होती. आम्हांला जुन्या कागदांचे वेड आहे, हे तिला ठाऊक. तिने एकेक कागद क्रमाने टेबलावर मांडला.

पहिला कागद पदव्युत्तर पदवीचा. त्या दोन वर्षांत नुसती व्याख्याने ऐकून भागत नाही. ४०० तास प्रत्यक्ष उपचाराच्या कामाची नोंद द्यावी लागते. त्यांतले २५ तास दुसऱ्याचे काम पाहण्याचे आणि ३७५ तास स्वतः रुग्णासमोर बसण्याचे. दुसरा कागद राष्ट्रीय परीक्षेचा. तीत किमान १६२ गुण लागतात. तिसरा कागद उमेदवारीचा. किमान ३६ आठवडे आणि १,२६० तास, तेही प्रमाणपत्रधारक ज्येष्ठाच्या देखरेखीखाली. हे सारे पार पडले की अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन ही १९२५ साली स्थापन झालेली व्यावसायिक संघटना आपले प्रमाणपत्र देते.

"म्हणजे झाले की!" आम्ही म्हणालो.

"नाही सर, इथून सुरू होते," ती हसून म्हणाली.

संघटनेचे प्रमाणपत्र म्हणजे ज्ञानाची पावती. काम करण्याचा कायदेशीर अधिकार मात्र राज्य देते. येथे आमच्यातला इतिहासाचा शिक्षक जागा झाला. जे अधिकार संघराज्याला दिलेले नाहीत ते राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतील, असे अमेरिकेच्या संविधानाची १७९१ ची दहावी दुरुस्ती सांगते. लोकांच्या आरोग्याचे आणि सुरक्षेचे रक्षण हा अशा अधिकारांतला एक. १८८९ साली डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने, वैद्यकासारख्या व्यवसायासाठी परवाना सक्तीचा करण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला. वाचा-उपचाराच्या बाबतीत असा परवान्याचा कायदा प्रथम फ्लोरिडा राज्याने १९६९ साली केला. पुढे इतर राज्ये त्या वाटेने गेली. आपल्याकडे परिषदेची एक नोंदवही साऱ्या देशासाठी आहे. तिकडे मात्र राज्याची सीमा ओलांडली की परवाना बदलतो. टेक्साससारखे राज्य तर अर्जदाराची आपल्या कायद्यांवर वेगळी परीक्षा घेते.

एका जागी नोकरी करणाऱ्याला हे एकदाच करावे लागते. आपली ही विद्यार्थिनी फिरतीवर आहे. लग्नानंतर तिला तेथे कायम वास्तव्याची परवानगी मिळाली आणि तिने फिरतीचे काम पत्करले. मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीमार्फत साधारण १३ आठवड्यांचा करार असतो. कधी वृद्धांचे शुश्रूषागृह, कधी रुग्णालय, तर कधी शाळेचे अख्खे वर्ष. जेथे कायमचा तज्ज्ञ मिळत नाही, अशा आडगावी तिला बोलावणे येते. अडचण अशी की करार तेरा आठवड्यांचा, आणि परवाना हाती येण्यास कधी दोन-तीन महिने लागतात. म्हणून कामाच्या आधी परवान्याची तजवीज करावी लागते. पुढचे बिऱ्हाड कोठे पडेल याचा अंदाज बांधून अर्ज आधीच धाडावा लागतो. नवे राज्य आधीच्या प्रत्येक राज्याकडून पत्र मागते, की या व्यक्तीवर तुमच्याकडे काही कारवाई झालेली नाही ना. जितकी राज्ये पालथी घातली तितकी पत्रे वाढतात.

फाइलमध्ये बोटांच्या ठशांचा एक कोरा तक्ता होता. दहा चौकोन. गुन्हे-अभिलेखाची पडताळणी करण्यासाठी अनेक राज्ये ठसे मागतात. एकदा तिचे शाईचे ठसे अस्पष्ट ठरून परत आले आणि पुन्हा द्यावे लागले. तो तक्ता पाहताना आम्हांला आमचे आजोबा आठवले. सावकाराच्या कागदावर त्यांनी डाव्या हाताचा अंगठा उमटवला होता. त्या कागदात काय लिहिले आहे, हे त्यांना कोणी वाचून दाखवले नव्हते. त्यांच्याच वस्तीतल्या घराण्याची ही नात दहाही बोटांना शाई लावते, पण आधी कागदाची ओळ न् ओळ वाचते आणि मगच बोट टेकवते.

त्यानंतरचा कागद पाहून आमची मान खाली गेली. ते एक प्रतिज्ञापत्र होते. दहावीच्या अर्जात तिच्या वडिलांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग एक होते आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरे. दहावीच्या अर्जावरून पदवीवर नाव गेले, दाखल्यावरून पारपत्रावर गेले. एका राज्याच्या कार्यालयात अर्जाची छाननी सुरू असता दोन कागदांवरची ही दोन माणसे एकच कशावरून, असा प्रश्न निघाला. सहा आठवडे अर्ज अडकला आणि ठरलेला करार हातचा गेला. दोन्ही कागदांवरचे अक्षर आमचे होते. २००० साली दुपारच्या सुटीत आम्ही ते अर्ज भराभर भरले होते. तिने तक्रार केली नाही. "सर, मी तुमचं अक्षर ओळखलं," इतकेच ती म्हणाली.

परवाना मिळवणे ही झाली अर्धी गोष्ट. तो टिकवणे हे त्याहून चिकाटीचे काम. कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी नूतनीकरण. तेवढ्या काळात २४ तासांचे नवे शिक्षण पुरे करावे लागते. न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षांत ३० तास. संघटनेच्या प्रमाणपत्रासाठीही तीन वर्षांत ३० तास, आणि त्यांत व्यावसायिक नीतीचाही पाठ असतो. प्रत्येक तासाची पावती जपून ठेवायची. मागितली तर दाखवायची. मुदत एक दिवसाने हुकली तरी दुसऱ्या दिवशी रुग्णासमोर बसता येत नाही. दूरध्वनी-चित्राद्वारे उपचार करतानाही सर्वसाधारण नियम असा की रुग्ण ज्या राज्यात बसला आहे, तेथला परवाना उपचार करणाऱ्यापाशी असला पाहिजे. अलीकडे राज्याराज्यांनी आपसांत एक करार केला आहे. एका राज्याचा परवाना असलेल्या तज्ज्ञाला दुसऱ्या सदस्य राज्यात कामाची मुभा सुलभतेने मिळावी, हा त्याचा हेतू. तिसाहून अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी तो स्वीकारला आहे. परंतु सगळी राज्ये त्यात नाहीत, आणि नूतनीकरण कोणालाही चुकलेले नाही.

काही राज्यांत परवान्याची मुदत धारकाच्या जन्ममहिन्याच्या अखेरीस संपते, हे ऐकून आम्हांला मौज वाटली. तिची जन्मतारीख कागदोपत्री १ जून आहे. आपल्यातल्या कितीजणांची ती तीच आहे! आई-बापाला तारीख सांगता आली नाही की आमच्या आधीच्या गुरुजींनी शाळा भरण्याच्या सोयीने १ जून लिहून टाकावी, असा तो काळ. त्या अंदाजाने लिहिलेल्या तारखेमुळे आज सातासमुद्रापार एका परवान्याची मुदत जूनअखेर संपते. आणि मनात आले, की या साऱ्या कागदांत जन्माला एवढेच काम उरले आहे: नूतनीकरण कधी करायचे ते सांगण्याचे. कोणत्या कुळात, कोणत्या वस्तीत जन्म झाला, हा रकाना त्यांत कोठेच नाही.

आमच्या वाचकांपैकी काहीजण येथे आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. दाखले, गुणवत्ता, परवाने यांच्याच नावाने आपल्याला दारे बंद झाली नाहीत का? झाली. अमेरिकेचा इतिहासही तेच सांगतो. १९१० साली वैद्यकीय महाविद्यालयांविषयी फ्लेक्सनर यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. दर्जा उंचावण्याचा त्याचा हेतू होता. परंतु कृष्णवर्णीयांना वैद्यक शिकवणाऱ्या सात महाविद्यालयांपैकी पुढे हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच टिकली. ज्यांना चांगली प्रयोगशाळा कधी मिळू दिली नाही, त्यांनाच प्रयोगशाळा नाही म्हणून बाद ठरवले गेले. तेव्हा परवान्याची भिंत कोणाच्या अंगावर पडते, हे आपण सदैव पाहत राहिले पाहिजे. शुल्क किती, परीक्षा कोणत्या भाषेत, उमेदवारी कोणाला मिळते, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत.

तरीही आम्ही भिंतीभिंतींत फरक करतो. जातीच्या भिंतीला लेखी नियम नव्हता, अर्ज नव्हता, अपील नव्हते. तिच्या आत जन्मलेल्याला शिकवण्याचा, बोलण्याचा, दुसऱ्याच्या जगण्याचा निवाडा करण्याचा अधिकार मिळे, आणि त्या अधिकाराची मुदत कधी संपत नसे. परवान्याचा नियम लेखी असतो. तो वाचता येतो, त्याविरुद्ध भांडता येते, तो बदलता येतो. बाबासाहेबांनी १९२२ साली ग्रेज इनमधून बॅरिस्टरची पदवी मिळवली. १९२३ साली ते मुंबईस परतले तेव्हा वकिलीची सनद घेण्याइतके पैसेही त्यांच्यापाशी नव्हते. नवल भथेना या मित्राने ते दिले. एवढ्या विद्वत्तेच्या माणसालाही सनदेवाचून न्यायालयात उभे राहता येत नव्हते, आणि त्यांनी सनदेला वळसा घातला नाही. पैसे उसने घेतले, सनद काढली आणि मग ज्यांच्या बाजूने कोणी उभे राहत नव्हते, त्यांच्या बाजूने ते उभे राहिले. त्या माजी विद्यार्थिनीची फाइल मिटताना आम्हांला ती सनद आठवत होती.

आता त्या नकाराविषयी.

सहावीत सध्या एक मुलगा आहे. वडील नाहीत, आई सोयाबीनच्या हंगामात मजुरीला जाते. तोही बोलताना अडखळतो. घरचीच तज्ज्ञ आली आहे, या आनंदात आम्ही त्याला कार्यालयात बोलावून घेतले आणि तिला म्हणालो, "याला जरा तपास. काय औषध, काय व्यायाम, ते लिहून दे. शिवाय याची भाषाही अशुद्ध आहे. सारखे 'मले', 'तुले' म्हणतो. तेही बघ."

तिने मुलाला शेजारी बसवले, त्याच्या खिशातल्या गोट्यांविषयी विचारले. तो सांगत होता आणि ती त्याच्या तोंडाकडे न पाहता डोळ्यांकडे पाहत होती. त्याचे वाक्य अडले तरी ती मध्ये बोलली नाही. तो बाहेर गेल्यावर म्हणाली, "सर, मी त्याची तपासणी करणार नाही. माझी इथली नोंदणी केव्हाच सरली आहे. तिकडच्या पाच वर्षांच्या नूतनीकरणांत मी इथलं नूतनीकरण करायचं राहून गेले. आज या खोलीत माझ्याकडे परवाना नाही."

आम्हांला ते लागले. खरे सांगायचे तर रागच आला. चार राज्यांचे परवाने टेबलावर पडले आहेत, शाळा आपली, मूल आपले, आणि ही नियम दाखवते! "अगं, इथे कोण विचारायला येतंय?" आम्ही म्हणालो.

ती काही वेळ बोलली नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "दादाच्या वेळीसुद्धा कोणीच विचारलं नव्हतं, सर."

कार्यालयातले घड्याळ आम्हांला तेव्हा ऐकू आले. त्या दोनशे रुपयांविषयी तिच्याशी आम्ही तीस वर्षांत एकदाही बोललो नव्हतो. तिला ते ठाऊक होते, हे त्या क्षणी कळले. आम्ही क्षमा मागितली. एवढ्या उशिरा मागितलेल्या क्षमेला फारसा अर्थ नसतो. तरी ती मागावी लागते. तिने मान हलवली आणि टेबलावरचे कागद आवरण्यास सुरुवात केली.

जाण्यापूर्वी तिने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, की 'मले' आणि 'तुले' हा दोष नव्हे. त्या मुलाच्या आईची ती भाषा आहे. अमेरिकेत एके काळी कृष्णवर्णीय मुलांच्या घरच्या बोलीकडे व्यंग म्हणून पाहिले जाई. १९७९ साली मिशिगनमधील ॲन आर्बर येथील पालकांनी याविषयी खटला लढवला, आणि मुलांच्या घरच्या बोलीची दखल घेऊन त्यांना वाचन शिकवावे, असा न्यायालयाने निवाडा दिला. १९८३ साली तिच्या व्यावसायिक संघटनेनेही जाहीर केले की इंग्रजीची कोणतीही बोली हा वाचादोष नाही. बोली कोणती आणि दोष कोणता, हे ओळखणे हा तिच्या विद्येचा पहिला धडा आहे. आम्ही मात्र तीस वर्षे मुलांच्या वह्यांत 'मले' या शब्दाभोवती लाल शाईचे वर्तुळ काढत आलो. प्रमाण मराठी शिकवणे आमचे काम आहे आणि ते आम्ही करूच. पण ते वर्तुळ आता काढत नाही. शेजारी 'मला' एवढेच लिहितो.

दुसरी गोष्ट जिल्हा रुग्णालयाची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. शाळेत तपासणीस येणाऱ्या पथकाने चिठ्ठी दिली की मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवता येते. तेथे नोंदणीकृत तज्ज्ञ आहे की नाही ते आधी विचारा, आणि नोंदणी क्रमांक लिहून घ्या, असे तिने बजावले. पथक दरवर्षी येत होते. आम्ही त्यांना वजन-उंचीचा तक्ता भरून देत होतो, इतकेच.

आम्ही मुलाला घेऊन गेलो. तज्ज्ञ बाई होत्या. आम्ही संकोचत नोंदणी क्रमांक विचारला. त्यांना राग येईल, असे वाटले होते. त्यांनी भिंतीवर लावलेल्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवले आणि म्हणाल्या, "इतक्या वर्षांत तुम्ही पहिलेच विचारणारे." महिन्यातून दोनदा आम्ही किंवा वसतिगृहाचे अधीक्षक त्याला नेतो. जिभेला कोणी हात लावत नाही. श्वास, सावकाश सुरुवात, आणि भोवतालच्यांनी घाई न करणे, यावरच सारा भर. बाईंनी त्याला शिकवले त्याहून अधिक आम्हां शिक्षकांना शिकवले. त्याचे वाक्य पुरे करू नका, 'हळू बोल' म्हणू नका, परिपाठातून त्याला वगळू नका.

२६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, त्याने संविधानाची उद्देशिका वाचली. इतर मुले जी दीड मिनिटात म्हणतात, तिला त्याला पाच मिनिटे लागली. एका शब्दावर तो बराच वेळ थांबला. मैदानात साडेतीनशे मुले बसली होती. एकानेही तो शब्द त्याच्यासाठी उच्चारला नाही. तो शब्द त्याने स्वतः म्हटला आणि पुढे गेला. तो बरा झाला, असे आम्ही म्हणणार नाही. या अडखळण्याला हमखास इलाज सांगणाऱ्याला आम्ही आता ओळखतो.

त्या विद्यार्थिनीने येथील नोंदणी पुन्हा चालू करण्यासाठी अर्ज केला आहे. पाच वर्षांत शंभर गुणांचे शिक्षण आमच्या परिषदेलाही लागते, असे तिने कळवले आहे. भाऊ आता स्वतः गवंडी आहे. त्याच्या हाताखाली सहा माणसे काम करतात. आपल्या नव्या ग्रंथालयाच्या भिंती त्यानेच बांधल्या, आणि मजुरी घेतली नाही. आम्ही त्यालाही भेटून आलो. तो फार बोलला नाही. चहा दिला आणि गिलाव्याचे काम दाखवले.

आम्ही दोन वर्षांत निवृत्त होऊ. नोकरीत लागलो तेव्हाचे बी. एड. चे प्रमाणपत्र आजही कपाटात आहे. शासनाची प्रशिक्षणे झाली, सह्या झाल्या. पण तुम्ही अजून शिकवण्यास पात्र आहात काय, असे आमच्या एकाही विद्यार्थ्याच्या वतीने कोणी आम्हांला विचारले नाही, आणि आम्हीही स्वतःला विचारले नाही. अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा आहे आणि सम्यक आजीविकाही आहे. त्या मुलीने या दोहोंची सांगड एका व्यवसायात घातली, आणि दर दोन वर्षांनी ती पुन्हा बांधली. आमच्याकडून ते राहिले.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने शाळेत एक नवी नोंदवही सुरू केली आहे. डॉक्टर असो, समुपदेशक असो, शिबिर घेणारा असो. मुलाला हात लावण्यापूर्वी त्याचे नाव, नोंदणी क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख तीत लिहावी लागेल. पालकांना विनंती आहे की त्यांनीही ते विचारावे. विचारताना संकोच वाटतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो. माजी विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे, की आपल्या दाखल्यावर आमच्या हातून नावाची चूक झाली असेल तर कार्यालयात या. आम्ही आहोत तोवर ती आमच्याच अक्षरात दुरुस्त करून देऊ.

जय भीम.